ताळेबंद जुळला म्हणजे बरोबर आला असं नाही: मालमत्ता, देणी आणि भांडवल मांडताना या चुका टाळा

अकाउंटिंग शिकायला घेतलं की पहिल्या दोन-चार पानांतच ते समीकरण येतं, अ‍ॅसेट्स = लायबिलिटीज + ओनर्स इक्विटी, म्हणजे मालमत्ता = देणी + मालकाचं भांडवल, आणि दिसायला ते इतकं सोपं आहे की बहुतेकजण पाठ करतात आणि लगेच डेबिट-क्रेडिटकडे वळतात. मग महिनाअखेरीला ताळेबंद काढायची वेळ आली की गाडी अडते. ही रक्कम नक्की कुठे टाकायची, देण्यात, भांडवलात का नफा-तोट्यात, हेच कळत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या जागी टाकूनही ताळेबंद जुळतो, त्यामुळे काही चुकलंय याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून चुकांकडे वळायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मालमत्ता बोट दाखवून सांगता येते, ही मशीन, हा माल, हा बँक बॅलन्स, अमक्याकडून येणं आहे. देणीही सांगता येतात, कोणाचे, किती, कधीपर्यंत. भांडवलाकडे मात्र बोट दाखवता येत नाही, ते कुठे ठेवलेलं नसतं, ते वजाबाकीत उरतं. इंटरनॅशनल अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्डाच्या २०१८ च्या कन्सेप्च्युअल फ्रेमवर्कमध्येही इक्विटीची व्याख्या हीच आहे, सगळ्या मालमत्तेतून सगळी देणी वजा केल्यावर जो हक्क उरतो तो. माझं ठाम मत आहे की नवशिक्यांच्या निम्म्याहून जास्त चुका हे एक न उमजल्यामुळे होतात.

आता एक छोटा व्यवसाय घेऊ आणि त्याचा पहिला महिना आकड्यांत बघू, कारण नुसत्या व्याख्या वाचून हे डोक्यात शिरत नाही.

मालकाने स्वतःचे ३,००,००० व्यवसायाच्या बँक खात्यात टाकले. बँकेकडून २,००,००० कर्ज घेतलं. २,४०,००० ची मशीन रोखीने घेतली. ८०,००० चा माल उधारीवर आणला. एका ग्राहकाने ऑर्डरसाठी ४०,००० अ‍ॅडव्हान्स दिला, काम अजून व्हायचंय. इथपर्यंत थांबा आणि मोजा. बँकेत ३,००,०००, मशीन २,४०,०००, माल ८०,०००, एकूण मालमत्ता ६,२०,०००. देणी बघा, कर्ज २,००,०००, माल देणाऱ्याचे ८०,०००, ग्राहकाचा अ‍ॅडव्हान्स ४०,०००, एकूण ३,२०,०००. वजाबाकी केली की उरतात ३,००,०००. म्हणजे एवढ्या उलाढाली झाल्या, लाखांत पैसे आले-गेले, पण भांडवल जागचं हललेलं नाही, मालकाने टाकलं तेवढंच आहे. कर्ज आलं, वस्तू घेतली, उधारी झाली, अ‍ॅडव्हान्स मिळाला, यातल्या कशानेही मालक श्रीमंतही होत नाही आणि गरीबही होत नाही.

आता पुढचे व्यवहार. ५०,००० ला घेतलेला माल ९०,००० ला रोखीने विकला. भाडं, वीज वगैरे १५,००० गेले. मालकाने घरखर्चासाठी २०,००० काढले. कर्जाचा हप्ता १२,००० भरला, त्यात मुद्दल १०,००० आणि व्याज २,०००. मशीन ६० महिने चालेल असं धरून महिन्याचा घसारा, म्हणजे तिच्या किमतीतला त्या महिन्याच्या वाट्याचा खर्च, ४,०००. आता बँकेत ३,४३,०००, मशीन २,३६,०००, माल ३०,०००, एकूण ६,०९,०००. देणी १,९०,००० अधिक ८०,००० अधिक ४०,००० म्हणजे ३,१०,०००. भांडवल उरलं २,९९,०००.

इथे जरा थांबून नीट बघा. मालकाने ३,००,००० टाकले होते आणि आज बँकेत ३,४३,००० आहेत, त्यामुळे कोणालाही वाटेल की ४३,००० कमावले. प्रत्यक्षात नफा १९,००० आहे, विक्रीतले ४०,००० वजा १५,००० वजा व्याज २,००० वजा घसारा ४,०००. त्यात मालकाने २०,००० उचलले, म्हणून भांडवल १,००० ने कमी झालंय. हे उदाहरण हाताशी ठेवा, खालच्या बहुतेक चुका यातच दाखवता येतात.

भांडवल म्हणजे बँकेतले पैसे समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात चिवट. 'भांडवल २,९९,००० दिसतंय, मग त्यातून नवीन मशीन घेऊ' असं कोणी म्हणालं की समजायचं घोळ झालाय. खर्च करायचे पैसे समीकरणाच्या डाव्या बाजूला, मालमत्तेत, बँक आणि रोख या नावाने असतात. उजव्या बाजूचं भांडवल फक्त एवढंच सांगतं की डावीकडच्या सगळ्या वस्तू आणि पैशांपैकी किती वाटा मालकाचा आणि किती दुसऱ्यांचा. त्यामुळे भांडवल भरपूर आणि खात्यात खडखडाट असं होऊ शकतं, सगळं मशीनमध्ये, मालात आणि उधारीत अडकलेलं असतं, आणि उलटंही होतं, खातं भरलेलं पण ते सगळे पैसे कर्जाचे आणि अ‍ॅडव्हान्सचे.

'एवढा नफा झाला मग पैसे गेले कुठे' या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असेल तर गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा ताळेबंद शेजारी ठेवा आणि एकेक ओळ बघत जा. येणी वाढली, माल वाढला, मशीन घेतली, कर्जाचं मुद्दल फेडलं, मालकाने उचल केली, या पाचांपैकी कुठेतरी पैसे बहुतेक वेळा सापडतात.

खात्यात आले ते उत्पन्न, गेले तो खर्च

पैसे आले की इन्कम लिहायची सवय फार लवकर लागते. पण पैसे आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की याच्या बदल्यात मी कोणाला काही देणं लागतो का. कर्ज असेल तर परत द्यायचंय. अ‍ॅडव्हान्स असेल तर काम करून द्यायचंय किंवा पैसे परत करायचेत. डिपॉझिट असेल तर तेही परत जायचंय. ग्राहकाकडून बिलात विक्रीवरचा कर गोळा केला असेल तर तो सरकारचा आहे, आपल्याकडे फक्त थांबलाय. ही सगळी देणी आहेत. आणि मालकाने स्वतः अजून पैसे घातले तर ते ना देणं ना उत्पन्न, ते थेट भांडवल.

आपल्या उदाहरणात ४०,००० चा अ‍ॅडव्हान्स विक्री म्हणून लिहिला असता तर नफा १९,००० ऐवजी ५९,००० दिसला असता, देणी ४०,००० ने कमी, भांडवल ४०,००० ने जास्त, आणि ताळेबंद तंतोतंत जुळला असता. पुढच्या महिन्यात काम केलं की खर्च सगळा पडणार आणि उत्पन्न शून्य, मग त्या महिन्यात तोटा का दिसतोय म्हणून डोकं धरायचं. काम जसं पूर्ण होईल तसा तो अ‍ॅडव्हान्स देण्यातून काढून उत्पन्नात न्यायचा असतो. आणि काम होऊनही तो देण्यातच पडून राहिला तर तीही चूकच, फक्त उलट्या दिशेची.

पैसे गेल्यावरही तसंच. गेलेल्या पैशांच्या बदल्यात काही हाती आलं का जे पुढेही उपयोगी पडणार आहे? आलं असेल तर एक मालमत्ता जाऊन दुसरी आली, खर्च नाही. वर्षभराचा विमा एकदम भरला तर भरल्या दिवशी तो जवळजवळ सगळा मालमत्ता आहे, आगाऊ भरलेला खर्च, आणि दर महिन्याला त्याचा बारावा भाग खर्चात जातो. माल आणला तो विकेपर्यंत मालमत्ता, विकला की खर्च. शेवटचा शिल्लक माल न मोजता सगळी खरेदी खर्चात टाकणारे पुष्कळ असतात, आपल्या उदाहरणात तसं केलं असतं तर ३०,००० चा माल कपाटात असूनही वह्यांतून गायब झाला असता आणि १९,००० चा नफा ११,००० चा तोटा झाला असता.

कर्जाचा पूर्ण हप्ता खर्चात

१२,००० चा हप्ता गेला म्हणून १२,००० खर्च लिहिला जातो. यात मुद्दलाचे १०,००० हे खर्च नाहीतच, तेवढं देणं कमी झालंय. खर्च फक्त व्याजाचे २,०००. पूर्ण हप्ता खर्चात टाकत राहिलात तर वह्यांमध्ये कर्ज कधी कमीच होत नाही, इकडे कर्ज फिटत आलं तरी ताळेबंदावर २,००,००० तसेच. ही चूक पकडायला एकदम सोपी आहे, बँकेकडून कर्जाचं स्टेटमेंट घ्या आणि त्यातली शिल्लक आपल्या वहीतल्या शिल्लकीशी ताडून बघा. हप्त्याचं वेळापत्रक मिळतं त्यात प्रत्येक हप्त्याचं मुद्दल-व्याज वेगळं दिलेलं असतं, आणि सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असतं, पुढे कमी होत जातं, त्यामुळे पहिल्या महिन्याचेच आकडे सगळीकडे चिकटवू नका.

मालकाची उचल खर्चात दाखवणं, आणि घरचं-व्यवसायाचं एक करणं

एकट्या मालकाचा व्यवसाय असेल तर मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे म्हणजे उचल, ड्रॉइंग्ज. ती भांडवलातून वजा होते, नफा-तोट्यात जात नाही. कारण साधं आहे, ते पैसे धंदा चालवण्यासाठी गेलेच नाहीत. कंपनी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मालकच संचालक म्हणून रीतसर पगार घेत असेल तर तो खर्च असतो आणि लाभांश दिला तर तो इक्विटीतून जातो, पण एकल मालकीत स्वतःला स्वतः पगार देता येत नाही.

याच्याच मुळाशी दुसरी चूक आहे. हिशोबासाठी व्यवसाय आणि मालक ही दोन वेगळी माणसं धरायची, कायद्याने एकच असली तरी. मालकाचं राहतं घर, घरची गाडी, घराचं कर्ज यातलं काहीही व्यवसायाच्या ताळेबंदात यायला नको. घरची वस्तू खरंच व्यवसायात आणली तर मग ती मालमत्ता म्हणून घ्या आणि तेवढंच भांडवल वाढवा. आणि दुकानातला माल घरी नेला तर तीही उचलच, पैसे काढले नाहीत म्हणून ती सुटत नाही. एक वेगळं बँक खातं उघडलं तर यातला बराच गोंधळ आपोआप मिटतो, हे मी कळकळीने सांगतो.

घसारा देण्यांत टाकणं

जमा झालेल्या घसाऱ्याच्या खात्याची शिल्लक क्रेडिट असते, आणि क्रेडिट दिसलं की लायबिलिटी असा नियम मनात बसलेला असतो, म्हणून तो उजवीकडे देण्यांत जाऊन बसतो. पण घसारा आपण कोणालाही देणं लागत नाही, कोणी वसुलीला येणार नाही. तो मशीनच्या किमतीतून वजा करून दाखवायचा असतो, २,४०,००० वजा ४,०००. बुडीत येण्यांसाठी केलेल्या तरतुदीचंही तसंच, ती येण्यांतून वजा.

घसारा मुळात टाकतच नाहीत असेही असतात, 'पैसे तर गेले नाहीत मग खर्च कसला' असं त्यांचं म्हणणं. पैसे मशीन घेतली तेव्हाच गेले, तो खर्च आता ६० महिन्यांत वाटला जातोय, एवढंच. आणि हा आकडा म्हणजे मशीनचा बाजारभाव नव्हे, उद्या विकायला काढली तर २,३६,००० च मिळतील असं ताळेबंद कुठेही म्हणत नाही.

जे अ‍ॅसेट नाही ते अ‍ॅसेटमध्ये, जे देणं आहे ते कुठेच नाही

चांगले कर्मचारी, जुने ग्राहक, बाजारातलं नाव, या गोष्टी मोलाच्या आहेत यात वादच नाही, पण त्या ताळेबंदात येत नाहीत. मालमत्ता व्हायला पूर्वी घडलेल्या घटनेतून आलेला आणि आज आपल्या ताब्यात असलेला हक्क लागतो, आणि रक्कमही भरवशाने ठरवता यायला हवी. कर्मचारी उद्या नोकरी सोडू शकतो, तो आपल्या ताब्यातला नाही. स्वतः घडवलेल्या ब्रँडला आणि ग्राहकांच्या यादीला आंतरराष्ट्रीय मानक आयएएस ३८ स्पष्ट मनाई करतं. तोच ब्रँड दुसऱ्याकडून पैसे देऊन विकत घेतला तर मात्र येतो.

याच्या उलट न दिसणारी देणी. महिना संपला, वीज वापरून झाली, बिल अजून आलं नाही, तरी ते देणं आहे. शेवटच्या आठवड्याचा पगार द्यायचा राहिला तर तेही देणं आहे. बिल येईपर्यंत थांबू म्हटलं की या महिन्याचा नफा फुगतो आणि पुढचा आपटतो. भाड्याने घेतलेली जागा किंवा यंत्रं असतील आणि तुमची कंपनी आंतरराष्ट्रीय मानकं पाळत असेल तर १ जानेवारी २०१९ पासून भाडेकरारांचं मानक आयएफआरएस १६ लागू आहे, बहुतेक दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांत वापराचा हक्क मालमत्तेत आणि पुढची भाडी देण्यांत दाखवावी लागतात. वह्या छोट्या असतील तर याची काळजी नको.

जुनी येणी हाही विषय. जे ग्राहक आता पैसे देणार नाहीत हे सगळ्यांना माहितीये त्यांची नावं वर्षानुवर्षं मालमत्तेत ठेवली जातात. ते राइट ऑफ केलं, म्हणजे बुडालं म्हणून मालमत्तेतून काढून टाकलं, की भांडवल कमी होतं आणि ते बघवत नाही, पण ते भांडवल तसंही राहिलेलं नाहीये.

बँकेच्या पासबुकावरून डेबिट-क्रेडिट शिकणं

मेसेज येतो 'तुमच्या खात्यात रक्कम क्रेडिट झाली', म्हणून लोक समजतात क्रेडिट म्हणजे वाढ. तो मेसेज बँकेच्या वहीतला आहे. तुम्ही ठेवलेले पैसे बँकेसाठी देणं आहे आणि देणं वाढलं की क्रेडिट होतं. तुमच्या वहीत तीच रक्कम मालमत्ता आहे आणि मालमत्ता वाढली की डेबिट. देणी आणि भांडवल क्रेडिटने वाढतात, मालमत्ता डेबिटने, यात चांगलं-वाईट काही नाही. प्रत्येक व्यवहार एकदा डेबिट आणि एकदा क्रेडिट लिहायची ही दुहेरी नोंद व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते आणि इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने ती १४९४ मध्ये छापून मांडली, नियम तेव्हापासून तेच आहेत.

जुळत नाहीये, आता काय करू

आधी काय करायचं नाही ते सांगतो. फरक भांडवलात ढकलून मोकळं होऊ नका. भांडवल वजाबाकीत उरतं असं मी वर म्हटलं, त्याचा अर्थ ते हवं तसं उरवायचं असा नाही. सस्पेन्स खात्यात, म्हणजे न उलगडलेल्या फरकासाठीच्या खात्यात, तात्पुरता टाकलात तर चालेल, पण तो शोधून काढेपर्यंत पाठ सोडू नका.

तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट शिल्लकांची यादी) जुळत नसेल तर फरकाची रक्कम बघा. तिचं निम्मं करा आणि तेवढ्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला गेलीये का शोधा, ३,००० डेबिटऐवजी क्रेडिटला गेले तर फरक ६,००० चा पडतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट झालेत, ५,४०० चे ४,५०० लिहिले की फरक ९००, किंवा एखादं शून्य खाल्लं गेलंय, १,२०० चे १२० झाले की फरक १,०८०. हे दोन्ही नसेल तर तेवढीच रक्कम असलेली नोंद शोधा, एकाच बाजूला पडली असेल.

जुळतंय पण संशय आहे, तर हे जास्त अवघड, कारण चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कम, साफ विसरलेला व्यवहार, आणि एकमेकांना झाकणाऱ्या दोन चुका, यातलं काहीच बेरीज सांगत नाही. इथे प्रत्येक ओळीला बाहेरचा पुरावा मागायचा. बँकेला स्टेटमेंट, मालाला प्रत्यक्ष मोजणी, येण्यांना ग्राहकवार यादी, देण्यांना पुरवठादाराचं खातं, कर्जाला बँकेची शिल्लक.

भांडवलाला असा बाहेरचा पुरावा नसतो, म्हणून त्याची तपासणी दुसऱ्या वाटेने करा. सुरुवातीचं भांडवल अधिक नव्याने घातलेलं अधिक नफा वजा उचल. आपल्या उदाहरणात ३,००,००० अधिक १९,००० वजा २०,०००, म्हणजे २,९९,०००, आणि मालमत्तेतून देणी वजा करूनही तेच आलं होतं. दोन्ही वाटांनी वेगवेगळी उत्तरं आली तर बहुतेक वेळा एखादी नोंद नफा-तोट्यातून न जाता थेट भांडवल खात्यात गेलेली असते किंवा गेल्या वर्षीची शेवटची शिल्लक या वर्षी नीट उतरवलेली नसते, त्यामुळे भांडवलाचं खातं उघडून त्यातली एकेक ओळ वाचा, वर्षभरात तिथे फार नोंदी नसतातच. आणि उत्तर मायनसमध्ये आलं तर लगेच गणित चुकलं समजू नका, देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर भांडवल खरंच ऋण होतं, फक्त ते सतत झालेल्या तोट्यामुळे आहे का मालकाने नफ्यापेक्षा जास्त उचलल्यामुळे, हे वेगवेगळं काढून बघा, कारण दोन्हीवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.